वाक्याचा शेवट

“फक्त दोन ओळी लिहून द्या, मॅडम,” सबनीस सर फोनवर म्हणाले. “की तुम्ही दिलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ते वाक्य स्पष्ट आहे. एवढंच. बाकीचं आम्ही बघतो.”

मी कपाटातून बाहेर आले. धायरीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीतल्या कपाटाचे कप्पे काढून, आतून गोधड्या ठोकून मी रेकॉर्डिंगची जागा केली होती. आत एक माइक, एक स्टूल आणि मी. दार लावलं की रस्ता ऐकू यायचा नाही आणि दहा मिनिटांत घामाने अंग भिजायचं.

“कुठलं वाक्य, सर?”

“गाभण शेळीचं.”

तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. नोकरी नव्हती, ज्याला आवाज हवा तो फोन करायचा. साड्यांच्या दुकानाची जाहिरात, एखाद्या शाळेची माहितीफीत, ‘कृपया प्रतीक्षा करा’. सबनीस सरांची संस्था सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी टोकाला शेळ्या पाळणाऱ्या बायकांसाठी काम करायची. दर आठवड्याला दोन हजार बायकांच्या फोनवर एक मिनिटाचा निरोप जायचा. लस कधी टोचायची, थंडीत करडांना कुठे ठेवायचं, असं काहीबाही. फोन उचलला की माझा आवाज. बऱ्याच जणींना वाचता येत नव्हतं, म्हणून ही सोय. आठ महिने ते काम माझ्याकडे होतं, आणि पुढच्या आठवड्यातही नक्की असेल असं माझं तेवढंच एक काम होतं.

“काय झालंय?”

“कोरटेवाडीत अकरा शेळ्या गाभडल्या, पोटातली करडं गेली. जंताचं औषध बायकांनी गाभण शेळ्यांनाही पाजलं. आता म्हणतात, फोनवरच्या बाईने पाजायला सांगितलं.” सर जरासे हसले. “फोनवरची बाई म्हणजे तुम्ही.”

मी लॅपटॉप उघडला, ती फाइल काढली, हेडफोन लावले. ‘गाभण शेळीला हे औषध पाजायचं नाही.’ होतं. ‘नाही’ होतं. मी परत ऐकलं. होतं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि पाच मिनिटांनी मी तेच वाक्य पुन्हा ऐकत होते.

मंगळवार होता. दिवसभर मला एका जागी बसवेना. चहा केला आणि ओट्यावर विसरले. दुसऱ्या एका कामाचं रेकॉर्डिंग होतं. कपाटात जाऊन तीन वेळा बाहेर आले. परत लॅपटॉपपाशी. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. प्रत्येक शब्द म्हणजे एक फुगवटा. ‘गाभण’ चांगला जाड होता. ‘शेळीला’, ‘औषध’, ‘पाजायचं’, सगळे जाड. आणि टोकाला ‘नाही’, मोहरीच्या दाण्याएवढा. मी त्या दाण्याकडे पाहत राहिले आणि मग लॅपटॉप मिटला.

संध्याकाळी सरांना फोन केला. “तुम्ही वाडीत कधी जाताय?”

“गुरुवारी. बायकांना समजावून येतो.”

“मी येऊ का?”

“अहो, या ना. आवाजाची बाई बघून खूश होतील त्या.”

गुरुवारी सकाळी साडेसहाला त्यांची गाडी आली. सबनीस सर पंचावन्नचे, मऊ बोलणारे, खादीचा शर्ट. वाईट माणूस नव्हता. दिवे घाट ओलांडल्यावर त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. ज्यांच्या मदतीवर संस्था चालते त्यांना अहवाल द्यावा लागणार. निरोपात चूक निघाली तर सगळी फोनची योजनाच बंद पडेल. निरोप बरोबर, पण खाली अंमलबजावणीत गडबड, असं निघालं तर फक्त एक कार्यकर्ती बदलावी लागेल.

“कुठली कार्यकर्ती?”

“शालन म्हणून मुलगी आहे. तिथलीच. बाटल्या तिने वाटल्या. तोंडी सांगायला नको होतं का तिने?” मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “पुढच्या वर्षी आपण निरोप चार तालुक्यांत नेतोय. आवाज तुमचाच ठेवायचा असं मी आधीच सांगून ठेवलंय.”

मी बरं म्हणाले. पाच तासांत मी पाण्याची बाटली किती वेळा उघडली आणि झाकण लावलं, देव जाणे. शेवटी ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघायला लागला.

कोरटेवाडी म्हणजे चाळीसेक घरं, मोकळं माळरान आणि बाभळी. देवळापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये पंचवीसेक बायका बसल्या होत्या. एक चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी खांबाला टेकून उभी होती. बस म्हटलं तरी बसत नव्हती. ती शालन. सरांनी माझी ओळख करून दिली तशी एक-दोघी पुटपुटल्या, “हीच ती,” पण खूश कुणी दिसली नाही.

पुढे एक म्हातारी बसली होती. गुणाबाई कोकरे, सगळ्या तिला गुणाक्का म्हणत. अकरापैकी चार शेळ्या तिच्या होत्या.

“चूक कुणाची हे शोधायला मी आलो नाही,” सर म्हणाले. “फक्त निरोप काय होता ते सगळ्यांनी एकदा ऐकूया.” त्यांनी लॅपटॉप उघडला आणि पिशवीतून हेडफोन काढले. मोठे, कान झाकणारे, चांगल्यातले. ते त्यांनी स्वतःच्या हाताने गुणाक्काच्या पदरावरून तिच्या कानांवर बसवले आणि बटण दाबलं.

गुणाक्का डोळे मिटून ऐकत होती. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. मग तिने डोळे उघडले.

“हाय,” ती म्हणाली. “न्हाई म्हणतीया.”

“ऐकलंत ना नीट?”

“ऐकलं.” तिने हेडफोन काढून हळूच मांडीवर ठेवले. “मग मलाच आलं न्हाई ऐकायला. कान गेलं माझं.”

सरांनी आणखी दोघींना ऐकवलं. त्यांनाही ‘नाही’ ऐकू आलं. त्या एकमेकींकडे न बघता खाली बघत राहिल्या. शालन खांबापासून पुढे आली.

“सर, तुम्हीच सांगितलं हुतं मीटिंगला. आपल्या मनानं काही सांगायचं न्हाई, निरोप येईल त्योच ऐकायला सांगायचं. म्हणून मी काही बोलले न्हाई.”

“ते ठीक आहे, शालन. पण बाटली तू दिलीस.”

“तिचं काय न्हाई त्यात,” गुणाक्का म्हणाली. “माझंच कान.”

सर माझ्याकडे वळले. “मॅडम, तुम्ही सांगा एकदा सगळ्यांना.”

मी उभी राहिले. पंचवीस जणी माझ्याकडे बघत होत्या. “वाक्य आहे,” मी म्हणाले. “मी ते म्हटलेलं आहे.”

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. मी खाली बसले.

सरांनी एक छापलेला कागद काढला. ‘निरोप ऐकण्यात आमच्याकडून चूक झाली’ असं काहीतरी होतं. सोबत शाईचं पॅड. गुणाक्काने कागद हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि परत दिला. “कुठं लावू?” तिने विचारलं. सरांनी जागा दाखवली. तिने अंगठा पॅडवर टेकवला.

“अक्का, थांबा,” मी म्हणाले.

माझा आवाज चिरकला. कामात माझा आवाज कधी चिरकत नसे.

“तुम्ही निरोप कुठल्या फोनवर ऐकला होता?”

तिने कमरेच्या पिशवीतून फोन काढला. साधा बटणांचा, मागचं झाकण रबराने बांधलेलं.

“आणि कुठे होता तेव्हा?”

“गोठ्यात. धारा काढत हुते. फोन खुंटीला अडकवून मोठ्या आवाजात लावते मी. हात मोकळं नसत्यात.”

“तसाच लावू आपण. तिथेच.”

“मॅडम,” सर म्हणाले, “त्याची गरज नाही.” पण गुणाक्का उठली होती, आणि ती उठली म्हणून सगळ्या उठल्या.

तिचं घर शेडपासून पन्नास पावलांवर. गोठा म्हणजे कुडाच्या भिंती, वर पत्रा. आत आठ-नऊ शेळ्या. आम्ही गेलो तशा सगळ्या ओरडायला लागल्या. गुणाक्काने फोन खुंटीला अडकवला. निरोप पुन्हा ऐकायचा तर संस्थेच्या नंबरला मिस्ड कॉल द्यायचा, की तिकडून फोन यायचा. शालनने तो दिला. थोड्या वेळाने फोन वाजला, बटण दाबलं, आणि त्या गोठ्यात मी बोलायला लागले.

लेंड्यांच्या वासात, शेळ्यांच्या ओरडण्यात तो आवाज इतका परका वाटत होता. गोड, गुळगुळीत. ‘नमस्कार मैत्रिणींनो’ पासून सुरुवात. औषध किती, कधी, सकाळी उपाशीपोटी. आणि मग: “गाभण शेळीला हे औषध पाजायचं.” बारीक थांबा. “औषध पाजल्यावर तासभर पाणी दाखवू नका.”

शालनने परत मिस्ड कॉल दिला. परत तेच. पाजायचं.

“ह्येच ऐकलं हुतं म्या,” गुणाक्का म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. कान शाबूत आहेत याचं थोडं बरं वाटलं असावं, एवढंच.

“हा नेटवर्कचा प्रश्न आहे,” सर म्हणाले. “आणि हे फोन असे. रेकॉर्डिंगमध्ये शब्द आहे, आत्ताच तुम्ही ऐकला.”

“सर, नेटवर्कचा नाही,” मी म्हणाले. “माझा आहे.”

मग मी सांगितलं. सरांना नाही, गुणाक्काला, कारण तिच्याकडे बघून सांगणं मला सोपं गेलं. काही वर्षांपूर्वी तेलाच्या जाहिरातीला मी आवाज दिला होता. तिथला दिग्दर्शक म्हणाला होता, तुमचं वाक्य शेवटी किती अलगद मिटतं, ते सोडू नका. मी सोडलं नाही. तीच माझी खूण झाली, तेवढ्यासाठी लोक मला बोलवायला लागले. वाक्याच्या शेवटी आवाज खाली न्यायचा, श्वासात विरघळवायचा. तेलाच्या जाहिरातीत शेवटचा शब्द विरघळला तर कुणाचं काही जात नाही.

“आणि कागदावर वाक्य वेगळं होतं,” मी म्हणाले. “‘पाजू नये’ असं होतं. मला ते पुस्तकी वाटलं. मी ते ‘पाजायचं नाही’ असं केलं, तुमच्या बोलण्यासारखं व्हावं म्हणून. ‘पाजू’वर वाक्य तुटलं असतं तर तुम्हाला निदान शंका आली असती. मी बदललं आणि शेवटचा शब्द खाल्ला. कपाटात बसून, चांगले हेडफोन लावून मी तो ऐकला. तुमच्या फोनवर तो येईल का, हे मी आठ महिन्यांत एकदाही बघितलं नाही.”

आणि जे सांगायला सगळ्यात जड गेलं तेही सांगितलं. “मंगळवारी मला संशय आला होता. तरी मघाशी शेडमध्ये मी वाक्य आहे एवढंच म्हणाले.”

गुणाक्का ऐकत होती. तिच्या अंगठ्याला शाई तशीच होती.

सर मला बाजूला बाभळीपाशी घेऊन गेले. तिथेही ते मऊच बोलले. “तुम्ही काय केलंत हे कळतंय ना तुम्हाला? आता दोन हजार बायकांचे फोन बंद होतील. चांगलं काम होतं हे. अकरा शेळ्यांसाठी.”

“शालन जाणार होती, सर.”

“शालनला मी दुसरीकडे लावलं असतं.” “पुढचे निरोप तुमच्याकडे राहणार नाहीत. एवढं तरी समजून घ्याल.”

त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. गाडीत बसताना मला या म्हणाले नाहीत आणि मीही गेले नाही.

गाडीचा धुरळा खाली बसेपर्यंत मी तिथेच उभी होते. आता या बायका मला काय म्हणतील ते म्हणतील, असं ठरवून वळले, तर शालन मोबाइल हातात घेऊन उभी होती.

“ताई, बाकीच्या नऊ वाड्यांत बाटल्या गेल्यात. तिथं अजून पाजलं नसंल. रविवारी पाजायचं ठरलंय.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी माझ्या चुकीतच गुंतले होते.

“तिथल्या पोरींना फोन कर,” गुणाक्का शालनला म्हणाली. मग माझ्याकडे बघून, “आन् तू पुन्हा बोल. त्या तुझा आवाज वळखत्यात. तूच बोल, न्हाई म्हणून.”

शालनने आपल्या मोबाइलवरून गुणाक्काचा फोन लावला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. गुणाक्का गोठ्यात जाऊन उभी राहिली. मी शेडमध्ये, पन्नास पावलांवर.

“गाभण शेळीला हे औषध पाजायचं नाही.”

तिने हात आडवा हलवला. आलं न्हाई.

मी पुन्हा म्हणाले. पुन्हा हात आडवा. सवय इतकी मुरली होती की खाली जायचं नाही असं ठरवूनसुद्धा शेवटी आवाज खालीच जात होता. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. शेडमधल्या बायका बघत होत्या. एक म्हणाली, “अगं, वराड की. शेळी रानात गेल्यावर हाका मारतीस तशी.” मी आयुष्यात शेळीला हाक मारली नव्हती. पण मी मोबाइल तोंडापासून लांब धरला आणि गोडवा, थांबे, सगळं सोडून म्हणाले, “गाभण शेळीला पाजायचं नाही. पाजायचं नाही. मागचा निरोप चुकला होता. तो मीच बोलले होते.”

गोठ्याच्या दारात गुणाक्काने हात वर केला.

तेच वाक्य शालनने मोबाइलवर रेकॉर्ड करून नऊ वाड्यांतल्या मुलींना पाठवलं, आणि पाठवून थांबली नाही. एकेकीला फोन लावून विचारलं, “काय ऐकलंस सांग.” ती सांगेपर्यंत ठेवला नाही. चार वाजेपर्यंत ते चाललं. एका वाडीत दोघींनी त्याच सकाळी पाजलं होतं, तिथलं काही वाचलं नाही. बाकी आठ वाड्यांत कुणी पाजलं नाही.

पाचच्या एसटीसाठी मला फाट्यावर जायचं होतं. गुणाक्का सोबत निघाली, शेळ्या पुढे घालून. तिला त्याच बाजूला चारायला न्यायच्या होत्या.

“अक्का, माझा राग आला असेल तुम्हाला.”

एक शेळी बाभळीला तोंड लावायला गेली, तिला तिने काठीने वळवली.

“सात हुती,” ती म्हणाली. “चार शेळ्यांची सात. मोजून पुरली म्या.” मग थोडी पुढे गेल्यावर, “तू मुद्दाम न्हाई केलंस. पर मला लिवलेलं कळत न्हाई बघ. म्हणून तर ऐकत बसले हुते.”

फाटा आला. ती थांबली नाही, शेळ्यांमागे पुढे निघून गेली. एसटीत मला खिडकीपाशी जागा मिळाली आणि विट्यापर्यंत मी दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून बसले होते.

फोनची योजना चार महिने बंद राहिली. सबनीस सरांनी शेवटी अहवालात काय लिहिलं ते मला कळलं नाही. शालनची नोकरी मात्र राहिली. मला पुण्यात काम कमी झालं, मग हळूहळू पुन्हा मिळालं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. माझी ती खूण मात्र गेली होती. एका जाहिरातवाल्याने विचारलंही, पूर्वीसारखं का येत नाही हो तुमचं?

निरोप परत सुरू झाले तेव्हा आवाज शालनचा होता. तिने मला फोन केला.

“ताई, एक पाठवते. ऐकून सांगाल का?”

“गुणाक्का काय म्हणतात?” मी विचारलं.

“फोन ऐकत्यात. मग बाटली घेऊन माझ्याकडं येत्यात. मी तोंडानं सांगितल्याशिवाय पाजत न्हाईत.”

“बरं करतात.”

तिचा निरोप आला. मी हेडफोन लावले नाहीत. फोन स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला, नळ सोडला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन उभी राहिले. मग तिला फोन केला.

“शेवटी आवाज खाली जातोय, शालन.”

“परत करते.”

तिने परत केला. पुन्हा परत केला. ती कंटाळली नाही आणि मीही कंटाळले नाही. अकराव्या वेळेला मी म्हणाले, “पाठव.”